जुन्या टाटा ४०७ची तेलगळती : दर पावसाळ्यानंतर परत येणारं दुखणं

दसऱ्याला गाडी बाहेर काढली की आठवड्याभरात खळ्यात, इंजिनाच्या बरोबर खाली, ताटाएवढा काळा डाग. सलग तीन वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील बदललं, गळती थांबली. पुढच्या दसऱ्याला परत सुरू. मग टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) आणि चेंबर (तळाची तेलाची टाकी), दोन्हींची पॅकिंगं बदलली, परत थांबली. तिसऱ्या दसऱ्याला डाग पुन्हा हजर. त्या वेळी मात्र पाना हातात घ्यायच्या आधी चार दिवस नुसता शोध घेतला. दोष जिथे सापडला तिथे सीलही नव्हतं आणि पॅकिंगही नव्हतं. जुन्या गाडीची गळती वरचेवर परत येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे वाचा.

गाडी २००४ची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक. इंजिन ४९७, म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, नावातच सगळं आलं. २९५६ सीसी. टर्बो नाही, जुनं साधं इंजिन. आठ महिने चिरेखाणीवरून चिरा, म्हणजे जांभा दगड, वाहते आणि एप्रिल-मे आला की देवगडकडच्या आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाटाने कोल्हापूर. मिरगाचा पाऊस लागला की खाणींत पाणी भरतं, काम बंद. मग बॅटरीची वायर काढून गाडी मांगराशेजारच्या पत्र्याखाली उभी, ती थेट दसऱ्याला पूजेपुरती धुतली जाते. हे एवढं सांगायचं कारण पुढे येईल.

गळतंय ते इंजिन ऑइलच कशावरून?

पहिल्या वर्षी मी हेही पाहिलं नव्हतं. काळं दिसलं, इंजिन ऑइल म्हटलं, मोकळा झालो. या गाडीखाली पाच-सहा प्रकारची द्रवं गळू शकतात, आणि धूळ-काजळी मिसळली की सगळी सारखीच काळी दिसतात.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा. टीव्हीच्या खोक्याचा असला तर उत्तम. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा खडूने आखून ठेवा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. मग त्या थेंबाला बोट लावून वास घ्या. डिझेल इंजिनाचं तेल काजळीने काळंभोर असतं, दोन बोटांत चोळलं तर गुळगुळीत लागतं आणि वास जळका. गिअर ऑइल जास्त दाट, चिकट, आणि त्याला गंधकाचा जो उग्र दर्प असतो तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. डिझेल पातळ, पुठ्ठ्यावर लांबवर पसरतं. क्लच-ब्रेकचं तेल पाण्यासारखं, जिथे पडेल तिथला रंग सोडवतं. कूलंट असेल तर रंग आणि गोडसर वास दोन्ही कळतात.

त्याच वेळी डिपस्टिकही बघा. सपाट जागा, इंजिन थंड. तेल गळतंय आणि तरी पातळी उतरत नाही, उलट चढतेय, असं दिसलं तर थांबा. चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. पाणी असेल तर तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसतं. डिझेल असेल तर काठीवरून पाण्यासारखं ओघळतं आणि वास मारतं. डिझेलच्या फीड पंपाच्या किंवा मोठ्या पंपाच्या सीलमधून ते आत येऊ शकतं. असं पातळ झालेलं तेल धडधाकट सीलमधूनही बाहेर येतं आणि बेअरिंगा खातं ते वेगळंच. अशी गाडी चालवू नका.

धुतल्याशिवाय काही दिसत नाही

आमच्याकडे चिऱ्याची धूळ म्हणजे पिठासारखी बारीक आणि लाल. इंजिनावर तेलाचा नुसता हात फिरला असला तरी त्यावर ती बसते, परत तेल, परत धूळ, असा बोटभर जाडीचा गिलावा तयार होतो. त्या गिलाव्यात गळती शोधायची म्हणजे चिखलात सुई. तिसऱ्या वर्षी मेस्त्रींकडे गेलो तर त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही. एवढंच म्हणाले, "आधी धुवन हाड, मगे बोलूया." पहिल्या वर्षी हेच मेस्त्री गाडीखाली एकदा वाकून "सील गेला असतला, दुसरा काय?" म्हणाले होते. म्हणजे शिकलो दोघेही.

धुवायचं इंजिन थंड असताना. तापलेल्या बिडाच्या हेडवर गार पाणी मारलं तर तडा जायची भीती असते. आल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिकने बांधून घ्या. जाड थर लांबीच्या (पुट्टीच्या) पात्याने खरवडून काढा, मग डिझेल आणि ब्रश, अर्धा तास मुरू द्या, मग साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल अजिबात वापरू नका, कुठे ठिणगी पडेल सांगता येत नाही. प्रेशरचं पाणी असेल तर फवारा थेट सीलच्या ओठावर धरू नका, नाहीतर नसलेली गळती आपणच तयार करू. खरवडलेला लगदा मी पत्र्यावर गोळा करतो. खालच्या अंगाला व्हाळ आहे आणि त्याचं पाणी शेजाऱ्यांच्या बागेत जातं.

धुऊन, उन्हात वाळवून, दहा मिनिटं इंजिन चालवून पूर्ण कोरडं केलं. नंतरची युक्ती फुकटची आहे. घरातली साधी टाल्कम पावडर पातळ फडक्यात बांधली, त्याची पुरचुंडी करून सगळ्या जोडांवर हलकेच थापटली : टॅपेट कव्हरची कड, हेडचा जोड, टायमिंग कव्हर, पुलीच्या मागे, फिल्टरचं बूड, प्रेशर स्विच, चेंबरची चारी बाजूंची कड, आणि बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाचा) जोड. इंजिन पांढरं फटक. आमच्या मुलीने विचारलं, "बाबा, गाडीला पाळण्यात घालणार काय?" पण पांढऱ्यावर तेलाची रेघ अशी उमटते की चष्मा नसला तरी दिसते. विजेरीच्या निळ्या उजेडात चमकणारा रंग तेलात टाकून शोधायचीही सोय असते, मोठ्या वर्कशॉपवाल्यांकडे ती मिळते. मला गरज पडली नाही.

बघायचं काय, ते नीट समजून घ्या. तेल खाली उतरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फॅनच्या आणि रस्त्यावरच्या वाऱ्याने ते मागेही जातं, हे आपण विसरतो. म्हणून वरून गळो, पुढून गळो, बाजूने गळो, सगळं तेल शेवटी इंजिनाच्या मागच्या-खालच्या टोकाला, बेल हाउसिंगपाशी जमतं आणि तिथून टपकतं. बेलपाशी थेंब दिसला की मागच्या सीलवर आळ येतो तो यामुळे. शोधायची ती सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

घाटात काय दिसलं

पहिल्यांदा गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवली. पावडर कोरडी. मग रिकामी गाडी हायवेवर बारा-पंधरा किलोमीटर फिरवून आणली. तरी कोरडी. इथे बरेच जण फसतात, गळती गेली असं समजून पॅकअप करतात. मी अर्धा लोड चिरा भरला आणि फोंडाघाट चढलो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावत वर गेलं. वर पोचल्यावर गाडी सपाट जागी लावली, चाकांना दगड दिले आणि विजेरी घेऊन बघायला बसलो.

एकाच वेळी तीन जागा ओल्या होत्या. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, पुढच्या पुलीमागची टायमिंग कव्हरच्या सीलची जागा, आणि डिपस्टिकच्या नळीचं तोंड. मागचं सील असतं त्या बेलच्या तळाच्या भोकाशी काहीही नव्हतं. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ मात्र हेडच्या मागून खाली उतरत बरोबर बेलवर येऊन थांबली होती. पहिल्या वर्षी मेस्त्रींनी बघितलेला थेंब तो हाच.

आणि डिपस्टिक बोटभर वर आली होती. कोणी हात लावलेला नव्हता.

क्लीनर म्हणाला, खड्ड्यांनी उडली असेल. मी ती परत खाली दाबली, आणखी तीन वळणं चढलो, उतरून बघितलं. परत वर. आता मात्र चित्र बदललं. एक पॅकिंग फाटतं तेव्हा एका जागेतून तेल येतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकदम, तेही फक्त लोडवर, आणि वर डिपस्टिक स्वतःहून उठते, याचा अर्थ आतून कोणीतरी ढकलतंय. इंजिनाच्या पोटात हवेचा दाब साठत होता.

दाब का साठतो, आणि दुधाची पिशवी

पिस्टनच्या रिंगांमधून जळलेल्या वायूचा थोडा भाग खाली चेंबरकडे निसटतोच, नव्या इंजिनातही. आपले मेस्त्री त्याला बॅक कम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर जायला ब्रीदरचा पाइप असतो. माझ्या गाडीत तो टॅपेट कव्हरवरून निघतो आणि इंजिनाच्या बाजूने खाली उतरून चेसिसशी उघडा सोडलेला आहे. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो हवेच्या पाइपला जोडलेला असतो. तेव्हा दाब वाढायची मुख्य कारणं दोन : रिंगा-लायनर (सिलिंडरची आतली भिंत) झिजून वायू जास्त येतोय, किंवा वायू नेहमीएवढाच आहे पण बाहेरची वाट बंद आहे. पहिलं कारण असेल तर इंजिनाचं काम, म्हणजे मोठा खर्च. दुसरं असेल तर खर्च शून्य. हे दोन्ही वेगळं करायला हॉस्पिटलसारखी मशिनं लागत नाहीत.

जुनी पद्धत अशी की गरम इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण उघडून तिथेच उलटं ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर दाब जास्त. पण दाब कशामुळे, ते यातून कळत नाही. म्हणून मी पुढची पायरी केली. अर्ध्या लिटरच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवून घेतली. इंजिन गरम केलं, झाकण काढलं आणि पिशवीचं तोंड तिथे ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधलं. क्लीनरला रेस थोडी वाढवायला सांगितली. दोन-तीन सेकंदांत पिशवी टम्म फुगली. लगेच इंजिन बंद केलं, पिशवी सोडली. आता ब्रीदरचा पाइप टॅपेट कव्हरच्या नळीवरून खेचून काढला आणि तीच परीक्षा परत घेतली. पिशवी लोंबतच राहिली, नुसती थरथरत.

म्हणजे रिंगा ठीक होत्या. वायू बेताचाच होता, अडत होता तो पाइपात.

ही परीक्षा करताना गमछा, लुंगी, बाहीचं टोक असलं काही फॅन-बेल्टजवळ नको. पिशवी दोन-चार सेकंदांवर ठेवायची नाही, गरम तेलाचे शिंतोडे उडतात. पाइप काढल्यावरही पिशवी टम्म होत असेल तर मात्र खरंच बॅक कम्प्रेशन आहे. मग चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्या. पण त्याआधी एक गोष्ट तपासा : या गाडीत ब्रेकच्या बूस्टरसाठी आल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, आणि तो खेचलेली हवा तेलाच्या परतीच्या पाइपातून इंजिनातच सोडतो. बूस्टरचा पाइप कुठे फाटला असेल तर पंप अखंड हवा ओढत राहतो आणि ती सगळी चेंबरमध्ये जाते. ही गोष्ट लक्षात न घेता रिंगा बदललेली एक गाडी मला माहीत आहे.

पाइपात काय होतं

पाइप पूर्ण उतरवला. वरच्या टोकाने बघितलं, काळोख. तार घातली तर खालच्या तोंडापासून बोटभर आत टक् करून अडली. खालच्या तोंडातून विजेरी मारली तर आत माती. तेल पिऊन काळी पडलेली, टणक, आणि तिच्या मधोमध पेनाच्या रिफिलीएवढं गोल, अगदी कोरून काढल्यासारखं भोक.

स्क्रू-ड्रायव्हरने टोचून माती पेपरवर पाडली. एक थर, मग पोकळी, मग दुसरा थर. पोकळीत वाळलेल्या कोळ्यांचे पाय आणि तपकिरी कागदासारखं एक रिकामं कवच. कुंभारीण! तीच माशी, जी आमच्या कौलांखाली, फोटोंच्या मागे, स्विचबोर्डाच्या भोकांत मातीची घरं करते. कोळी बेशुद्ध करून आत भरते, त्यावर अंडं घालते, तोंड मातीने लिंपते आणि निघून जाते. अळी कोळी खाऊन मोठी होते, माशी होते आणि लिंपण फोडून उडते. चार महिने पत्र्याखाली थंड उभी असलेली गाडी, कोरडी आडोशाची नळी, आणि बाहेर हवा तेवढा ओला चिखल. बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली?

ते रिफिलीएवढं भोक नव्या माशीने बाहेर पडताना केलेलं. आणि सगळी गंमत त्या भोकातच होती. जागेवर चालू असताना निघणारा थोडासा वायू तेवढ्यातून जायचा, म्हणून गाडी नुसती जागेवर चालू ठेवली तेव्हा पावडर कोरडी राहिली. घाटात लोड आला की वायू वाढायचा, भोक पुरायचं नाही आणि दाब दुसरी वाट शोधायचा. जिथे पॅकिंग किंचित कमकुवत तिथून तेल ढकलून बाहेर. मेस्त्रींना ती माती नेऊन दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुंभारणीन फसवल्यान रे आमका!"

मग आधी दोनदा थांबलं कसं?

हा प्रश्न मला जास्त छळत होता, कारण दोन्ही कामांनंतर गळती खरंच थांबली होती. वहीतली बिलं काढून बसलो. पहिल्या वर्षी सील बदलताना गिअरबॉक्स उतरवला होता, आणि काम संपल्यावर मेस्त्रींच्या पोराने सवयीप्रमाणे सगळ्या पाइपांत कॉम्प्रेसरची हवा मारली होती. दुसऱ्या वर्षी टॅपेट कव्हर काढताना ब्रीदरचा पाइप सुटा झाला, तो कव्हरबरोबर डिझेलच्या टबात रात्रभर पडला आणि सकाळी धुऊन बसवला. दोन्ही वेळा कुंभारणीचं घर कोणाच्याही नकळत मोडलं, आणि श्रेय मिळालं सीलला आणि पॅकिंगला. सात हजारांच्या वर गेले पहिल्या वर्षी, मजुरी धरून. निघालेलं सील मी ठेवून दिलं होतं. आता परत बघितलं तर त्याचा ओठ मऊ, धार शाबूत.

तारखा बघितल्या तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती : तिन्ही वेळा गळती दसरा ते दिवाळीच्या मधे सुरू झालेली. मे महिन्यात, जेव्हा गाडी सगळ्यात जास्त घाट चढते आणि सगळ्यात जास्त तापते, तेव्हा एक थेंब नाही. झिजलेलं सील ऋतू बघून गळत नाही. तुमचीही गळती जात-येत असेल तर ती कधी सुरू होते, लोडवर की उभ्या गाडीला, गरम असताना की थंड, हे लिहून ठेवा. स्मरणशक्तीवर जाऊ नका. मला मेस्त्रींनी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे "बारा महिने गळते" म्हणालो असतो.

ब्रीदर चोंदायला कुंभारीणच लागते असं नाही. पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरत असेल आणि इंजिन पुरतं तापत नसेल, तर आतल्या हवेतलं पाणी आणि तेल घुसळून पांढरट मलई होते आणि पाइपात साचते. समुद्राकाठच्या दमट हवेत हे फार. मूळचा पाइप फाटल्यावर कोणी पाण्याचा प्लॅस्टिक पाइप बसवला असेल तर तो उष्णतेने मऊ पडून चपटा होतो, वरून बघितलं तर धड दिसतो. काही इंजिनांत टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवायला जाळी किंवा पत्रा असतो, तो काजळीने भरतो. कव्हर निघालंच आहे तर डिझेलमध्ये बुडवून ठेवा.

तुमची गळती एकाच जागेतून असेल तर

पिशवी फुगली नाही आणि पावडरीवर एकच रेघ उमटली, तर काम सरळ आहे. तरी काही ठिकाणं अशी आहेत की तिथे चुकीची दुरुस्ती हटकून होते.

चेंबरवर थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या किनाऱ्यावर तो जितका कुजतो तितका घाटावर कुजत नाही. पत्र्याचा चेंबर, खारी हवा, त्यावर चिकटलेला ओला लाल चिखल. बाहेरून नुसता गंज दिसतो. तेल झिरपतं ते गंजाच्या पापुद्र्याखालच्या सुईएवढ्या भोकातून, आणि आपण आळ घेतो पॅकिंगवर. गंज तारेच्या ब्रशने घासून, पुसून, पावडर मारा. भोक सापडलं तर लांबी-सील भरून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तो इलाज नव्हे. चेंबर बदला, किंवा उतरवून पूर्ण तेलमुक्त करून मग झाळून घ्या. आणि पॅकिंगमधून गळतंय म्हणून चेंबरचे बोल्ट आवळत सुटू नका. जोर लावला की बोल्टभोवतीचा पत्रा वर ओढला जातो, दोन बोल्टांमधला भाग खाली राहतो, बुचाचं पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती दुप्पट होते. चेंबर काढलाच तर सपाट काचेवर ठेवून कड बघा, वर आलेल्या जागा लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने बसवा, मग नवं पॅकिंग. बोल्ट मधल्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे. पेस्ट लावायची तर पातळ. आत सुटलेले पेस्टचे तुकडे तेलाच्या जाळीत जाऊन बसतात आणि मग प्रेशरच जातं.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा टाकावा. मिळत नसेल तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. फिल्टर बदलल्यावर लगेच गळती लागली तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग बुडाला चिकटून राहिली असणार, तिच्यावरच नवा आवळला गेला.

ऑइल प्रेशरचा स्विच हा छुपा चोर. जोडातून नाही, स्विचच्या पोटातून, वायर बसते तिथून तेल येतं. वायरचा लग (टोकाची पट्टी) काढा. आत तेल असेल तर स्विच गेला. किरकोळ किमतीची वस्तू, पण आतून दाबाने येणारं तेल आहे, त्यामुळे पसारा मोठा करते.

व्हॅक्यूम पंपाला एक बारीक पाइप तेल देतो आणि जाड पाइप परत नेतो. जाड पाइप कडक होऊन तडकला की आल्टरनेटरच्या खालची बाजू ओली. पाइप आत दबला असेल तर तेल परत न जाता आल्टरनेटरमध्ये शिरतं आणि चार्जिंगचा दिवा लागतो. तेल गळतंय आणि चार्जिंगही कमी, अशी जोडी दिसली की आधी हा पाइप.

मागचं क्रँक सील खरंच गेलं असेल तर बेलच्या तळाच्या भोकातून तेल येतं आणि वरचं सगळं कोरडं असतं. क्लच घसरायला लागतो. इथेही वास घ्या. गंधकाचा असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील आहे, क्रँकचं नाही. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर दोन्ही सीलं टाका, आणि क्रँकवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नखाने बघा. चरा लागला असेल तर नवं सील त्याच चऱ्यात बसवू नका, मेस्त्रींना किंचित पुढे-मागे बसवायला सांगा, किंवा स्लीव्ह (पातळ कडं) चढवून घ्या. नाहीतर तेच काम सहा महिन्यांत परत.

तेल मॅनिफोल्ड किंवा सायलेन्सरच्या पाइपावर पडून धूर येत असेल तर शोधाशोध नंतर, आधी गाडी थांबवा. आणि पातळी खालच्या खुणेशी असेल तर घाट चढू नका. चढावर तेल चेंबरच्या मागच्या बाजूला जातं, पंपाची जाळी उघडी पडली की प्रेशर जाऊन बेअरिंगा बसतात. मी १५डब्ल्यू-४० जाडीचं तेल वापरतो. गळती कमी होईल म्हणून जाड तेल टाकायचा सल्ला मिळतो, तो मी घेतला नाही. थंडीत सकाळी जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि गळतीचं कारण तसंच राहतं.

आता काय करतो

मिरगाआधी गाडी उभी करताना ब्रीदरच्या खालच्या तोंडावर मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा तारेने बांधतो. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा. आणि आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला एक लाल फडकं, ते सोडल्याशिवाय चावी लावायची नाही. मच्छरदाणी चालत्या गाडीवर ठेवायची नाही, तेलकट वाफेने तीच चोंदेल. तीन जागांपैकी टॅपेट कव्हरचं पॅकिंग तेवढं बदललं, दाबाने त्याचा कोपरा बाहेर आलेला होता. पुढचं सील तसंच ठेवलं, त्यातून नंतर काही आलं नाही.

दोन पावसाळे झाले. गेल्या महिन्यात पत्र्याखाली वाकून बघितलं तर मच्छरदाणीवर मातीचा एक अर्धवट गोल होता, कुंभारणीने नाद सोडून दिलेला. पुठ्ठा अजून ठेवतो. काल सकाळी त्यावर एकच थेंब होता, बेलच्या जरा मागे. वास घेतला, गंधकाचा. गिअरबॉक्सचं सील. ते आंब्याच्या आधी करून घ्यायचं आहे.